सापडलेल्याच्या आसपास

भाव पडले की खाण किंवा तेल कंपनी पहिली कात्री लावते ती शोधखर्चाला. चालू खाण बंद करता येत नाही, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. पण जी विहीर अजून फक्त नकाशावर आहे, ती पुढच्या वर्षावर ढकलली तर कुणी ओरडत नाही. ओरड होते ती दहा-पंधरा वर्षांनी, तांबं किंवा गॅस कमी पडू लागल्यावर. तोवर संचालक मंडळ बदललेलं असतं.

लोहखनिज आणि कोळसा वगळता इतर खनिजांच्या शोधासाठी जगभरच्या कंपन्यांनी २०१२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर राखून ठेवले होते. चीनची मागणी मंदावली, भाव उतरले आणि २०१६ मध्ये ही रक्कम ७ अब्जांच्या आसपास आली. नंतर ती सावरली, पण अलीकडे १२-१३ अब्जांशी घुटमळते आहे. त्यातला जवळपास निम्मा पैसा सोन्यामागे जातो. सोन्याची खाण लहानही चालते आणि माल विकायची चिंता नसते. तांब्याच्या खाणीला मात्र आधीच काही अब्ज डॉलर ओतावे लागतात.

हा पैसा खणतो कुठे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९०च्या दशकात सुमारे निम्मा खर्च अगदी नव्या, कोऱ्या प्रदेशांवर होत असे. आज तो वाटा चौथाईच्या आसपास आहे. बाकीचा पैसा सापडलेल्या साठ्याच्या कडेकडेने भोकं पाडण्यात जातो. भागधारकांना सांगायला ते सोपं असतं.

कोऱ्या जमिनीवर जुगार खेळतात त्या कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या छोट्या कंपन्या. त्यांच्याकडे खाण नसते, उत्पन्न नसतं. शेअर विकून ड्रिलिंग चालतं. त्यातून खरे शोध लागतात आणि तमाशेही होतात. बोर्निओतल्या बुसांगमध्ये सोन्याचा डोंगर सापडल्याचा दावा करणाऱ्या ‘ब्रे-एक्स’चे नमुने बाहेरून सोनं मिसळलेले निघाले आणि १९९७ मध्ये अब्जावधी डॉलर हवेत विरले. त्यानंतर कॅनडाने साठे जाहीर करण्याचे नियम कडक केले.

तेलाची तऱ्हाही हीच. जून २०१४ मध्ये १०० डॉलरच्या वर असलेलं पिंप जानेवारी २०१६ मध्ये ३०च्या खाली आलं. शेल कंपनीने अलास्काजवळच्या चुक्ची समुद्रातला शोध सुमारे ७ अब्ज डॉलर घालवून २०१५ मध्ये सोडला. त्याच वर्षी एक्सॉनला गयानाच्या समुद्रात तेल लागलं. तिथले साठे आज ११ अब्ज पिंपांहून अधिक मानले जातात. गंमत अशी की, त्या ब्लॉकमध्ये शेलचा निम्मा वाटा होता आणि आदल्याच वर्षी ती बाहेर पडली होती. राजस्थानातल्या बाडमेरमध्येही तेच झालं होतं: शेलने हात काढून घेतला, केर्न ही कंपनी टिकून राहिली आणि २००४ मध्ये तिला ‘मंगला’ हे तेलक्षेत्र लागलं. शेलला हसण्यात अर्थ नाही. सोडलेल्या बहुतेक ब्लॉकमध्ये खरोखरच काही नसतं.

आपल्याकडे भावाइतकाच नियमही पैसा वळवतो. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबई हायचं तेलक्षेत्र शोधलं ते सरकारी पैशाने. १९९९ पासून नव्या धोरणाखाली खासगी कंपन्यांना ब्लॉक मिळू लागले. आधी खर्च वसूल करायचा, मग नफा वाटायचा, अशी ती रचना होती. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ ब्लॉकवरून खर्च फुगवल्याचा वाद पेटला आणि २०१६ मध्ये सरकारने महसुलातच वाटा घ्यायचं ठरवलं. हिशेबाची भांडणं मिटली, पण खोल समुद्रातल्या विहिरीची जोखीम कंपनीच्या एकटीच्या गळ्यात पडली. पुढच्या लिलावाच्या पहिल्या फेरीत ५५ पैकी ४१ ब्लॉक एकट्या वेदांताने घेतले. परदेशी बड्या कंपन्या फिरकल्या नाहीत.

खनिजांत तर गोची अजब आहे. मध्य प्रदेशात छतरपूर जिल्ह्यातल्या बंदर इथे रिओ टिंटोने २००४ मध्ये हिरे शोधले. वनपरवानग्यांत वर्षं गेली आणि २०१७ मध्ये कंपनी प्रकल्प राज्याच्या हवाली करून निघून गेली. पुढे लिलावात तो आदित्य बिर्ला समूहाकडे गेला. २०१५ पासून तर लिलाव हाच कायदा झाला. शोधणाऱ्यालाच खाण मिळेल याची खात्री नसेल तर स्वतःच्या खिशातून खणणार कोण? म्हणून नागपूरच्या एमईसीएलसारख्या सरकारी संस्था आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग हेच पुढे राहिले. २०२३ च्या दुरुस्तीत २९ खनिजांसाठी खास शोध-परवाना आला, ज्यात पुढच्या लिलावातल्या रकमेचा काही वाटा शोधणाऱ्याला मिळतो. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे.

नुसतं साठा जाहीर करून भागत नाही, हे जम्मूतल्या रियासीने दाखवलं. २०२३ मध्ये ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा गाजावाजा झाला. अंदाज मात्र प्राथमिक टप्प्यातला होता. लिलावात पुरेसे बोलीदारच आले नाहीत.

एमईसीएल, नाल्को आणि हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपन्यांच्या ‘काबिल’ या संयुक्त कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमचे पाच ब्लॉक घेतले, सुमारे २०० कोटींच्या खर्चाचे. तोवर लिथियमचा भाव २०२२ च्या शिखरावरून ८० टक्क्यांहून जास्त घसरला होता. खासगी कंपन्या अशा वेळी हात आखडतात, रिग आणि भूवैज्ञानिक मोकळे होतात, मीटरमागे खर्च कमी येतो. ‘काबिल’सारख्या सरकारी कंपनीला तिमाही निकालाची धास्ती नाही. तिथे भोकं पाडायची तर अशीच वेळ हवी.