आखाड्यावरच्या सोलरला डीपी नसते

लातूरच्या शिवारात ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेची पॅनेल दिसू लागली, तशी आखाड्यांवरही, म्हणजे शेतातल्या शेडवरही, दिवे-पंख्यांपुरती पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टर आले. अर्थिंग? सळई ठोकली, वायर गुंडाळली, झालं.

त्या सळईचा रोध 20 ओहम धरा. कूलरच्या पत्र्याला 230 व्होल्टची फेज लागली तर जमिनीत जाणार जेमतेम साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी ढिम्म हलत नाही आणि पत्र्यात करंट तसाच राहतो.

हा हिशेबही न्यूट्रल जमिनीला जोडलेला असेल तरचा. महावितरणच्या लाइनचा न्यूट्रल डीपीपाशीच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशीच, जमिनीत गेलेला असतो. आखाड्यावर डीपी कुठली? बऱ्याच इन्व्हर्टरचा न्यूट्रल अधांतरीच असतो, मग पत्र्यात फेज उतरली तरी गळती पकडणाऱ्या आरसीसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून न्यूट्रल आणि अर्थ मुख्य बोर्डात जोडायचे, पण एकाच ठिकाणी. त्याआधी इन्व्हर्टरचं माहितीपत्रक वाचायलाच हवं: काहींमध्ये ही जोडणी आतच असते, काही स्वस्तातले ती केल्यावर जळतात. शिवाय शॉर्टसर्किट झालं तरी इन्व्हर्टर फार करंट देऊ शकत नाही. एमसीबीच्या भरवशावर न राहता 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी.

आकाशातल्या विजेचा मामला वेगळा. अवकाळीत पडणाऱ्या विजेचा प्रवाह 30 हजार अँपिअर धरला, तर 5 ओहमच्या चांगल्या अर्थिंग-खड्ड्यावरही क्षणभर दीड लाख व्होल्ट चढतात. लाइटनिंग अरेस्टरचा खड्डा इन्व्हर्टरच्या खड्ड्यापासून तोडून ठेवला, की दोन खड्ड्यांमधला व्होल्टेजचा फरक इन्व्हर्टरमधूनच वाट काढतो. खड्डे वेगळे खणा, पण जमिनीखालून जीआय पट्टीने एकमेकांना जोडा. ‘वेगळं ते सुरक्षित’ हा वायरमन मंडळींचा लाडका समज इथे महागात पडतो.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, सळईला सोडते, आणि विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. खड्ड्यात पाणी घालायचं तेही त्याच दिवसांत. 2016 साली याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं! निदान सांडपाणी तरी खड्ड्याकडे वळवावं.

अर्थिंग जोडायचं ती पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची, वर करंट अडवणारा, न दिसणारा थर. साध्या वॉशरने तो फुटत नाही, दातेरी वॉशर लागतो. आणि उघडी तांब्याची वायर थेट चौकटीवर आवळू नये, पावसाळ्यात तो जोड खात जातो. कल्हई केलेला लग वापरावा.