‘मी काय, घरीच असते’ : कामधंद्याच्या नोंदीतले गैरसमज

घरोघरी पाहणी करणाऱ्याने कामधंदा विचारला की गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत बरेचदा आडनावावरूनच उत्तर गृहीत धरले जाते. चारी म्हणजे सुतारकाम, कुंभार म्हणजे मडकी. हे चूक आहे. डिचोलीतल्या कुंभाराचा मुलगा औषध कारखान्यात यंत्र चालवत असेल, तर त्याची नोंद यंत्रचालक अशीच व्हायला हवी. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबाचा सामाजिक गट वेगळा विचारतात. त्याचा व्यवसायाच्या रकान्याशी संबंध नाही.

शेतकरी म्हणजे जमीनमालक, हाही असाच समज. जनगणनेच्या व्याख्येत दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणाराही शेतकरीच असतो. त्याच व्याख्येतली दुसरी गोष्ट गोव्यात फार कमी जणांना ठाऊक आहे. चहा, कॉफी, रबर यांच्याबरोबर नारळ आणि सुपारी ‘मळ्याची पिके’ धरली जातात. त्यामुळे निव्वळ माड-पोफळींच्या कुळागरावर जगणारा माणूस ‘शेतकरी’ नव्हे, ‘इतर कामगार’ ठरतो. बागायतीवर किती घरे चालतात, हे शेतकऱ्यांच्या आकड्यावरून कळणार नाही.

मला सर्वांत जास्त सलतो तो बायकांबद्दलचा गैरसमज. ‘मी काही करत नाही, घरीच असते,’ असे बाई म्हणते आणि प्रगणक पुढच्या नावाकडे वळतो. पण तीच काजूच्या दिवसांत बोंडू गोळा करते, बिया सुकवते, पावसाळ्यात भाताची लावणी करते, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकायला बसते. घरच्या धंद्यात पगाराविना राबणारी व्यक्ती श्रमबल पाहणीत कामगारच मानली जाते. वर्षात तीस दिवस काम केले असले, तरी ते दुय्यम काम म्हणून नोंदता येते. जनगणनेत सहा महिने किंवा अधिक काम करणारे मुख्य आणि त्याहून कमी करणारे सीमांतिक कामगार. दोघांचीही नोंद होते. म्हणून ‘काजूच्या दिवसांत काय करता? लावणीला जाता का?’ असे सुटे प्रश्न विचारायलाच हवेत. फक्त घरासाठी सरपण आणणे मात्र आजही कामगारांत धरत नाहीत. ती सीमारेषा मला अन्यायाची वाटते.

मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर जूनपासून जुलैअखेर यांत्रिक मासेमारी बंद असते, शॅकही पावसाळ्यात मिटतात. ‘गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केले का?’ या श्रमबल पाहणीतल्या प्रश्नाचे तिथले उत्तर जानेवारीत एक, जुलैत दुसरे. म्हणून आठवड्याचा आणि वर्षाचा आकडा एकमेकांशेजारी ठेवून थेट तुलना करू नये.

खाणींबाबत व्यवसाय आणि उद्योग यांची गल्लत होते. खाण कंपनीच्या पगारावरचा चालक खाण उद्योगात मोजला जातो, स्वतःचा ट्रक खनिजाला लावणारा वाहतुकीत. व्यवसाय दोघांचाही चालकाचाच. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे काम थांबले. त्याची झळ फक्त ‘खाण’ रकान्यातून मोजली, तर डिचोलीतले ट्रकवाले आणि गॅरेजवाले सुटतात.

राहिला ‘वर्ग’. व्यवसाय नोंदला की सरकार माणसाला उच्च, मध्यम, कनिष्ठ असा शिक्का मारते, हे खरे नाही. तशा पट्ट्या बहुधा आरोग्याच्या अभ्यासांत वापरतात. कुप्पुस्वामींची 1976 ची पट्टी कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, व्यवसाय आणि कुटुंबाचे उत्पन्न पाहते, पण ती शहरी कुटुंबांसाठी आहे. पेडण्याच्या वाड्यांवर बी. जी. प्रसाद यांची 1961 ची, दरडोई मासिक उत्पन्नावरची पट्टी अधिक योग्य. मात्र तिचे रुपयांतले टप्पे महागाईनुसार सुधारून घ्यावे लागतात.