तारेचा पीळ आणि दुसरी नजर

हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर वर्षाआड ‘विंग्ज इंडिया’ हे विमानप्रदर्शन भरते. गर्दी मोठ्या जेट विमानांभोवती उसळते. ज्याला यंत्राची आवड आहे त्याने मात्र एखाद्या छोट्या, पिस्टन इंजिनाच्या विमानापाशी जावे आणि काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उघडे असेल तर आत डोकवावे. बोल्टांच्या डोक्यांना आरपार भोके पाडलेली असतात आणि एका बोल्टातून दुसऱ्यात स्टीलची पीळदार तार गेलेली असते. मेकॅनिक तिला लॉकवायर म्हणतात. घरी विमान बांधणाऱ्या माणसाचा जीव पुष्कळदा या तारेवर अवलंबून असतो.

चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 2500 फेरे घेते तेव्हा त्यात मिनिटाला 5000 स्फोट होतात. या हादऱ्यांनी नट का सुटतो, याचा नीट उलगडा व्हायला 1969 साल उजाडावे लागले. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे धक्के कितीतरी घातक असतात. जोडलेले दोन भाग एकमेकांवर किंचित जरी सरकू लागले, तरी आट्यांमधले घर्षण हरते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. म्हणून खरे संरक्षण बोल्टाच्या ताणात असते. बोल्ट पुरेसा ताणलेला असेल तर भाग सरकतच नाहीत.

हा ताण डोळ्यांना दिसत नाही आणि टॉर्क रेंच तो थेट मोजत नाही. आपण पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण निम्मा भाग नटाखालच्या घर्षणात जातो, सुमारे 40 टक्के आट्यांत खर्च होतो आणि जेमतेम 10 टक्के बोल्ट ताणायला उरतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर रेंच तोच आकडा दाखवील, पण बोल्टावर ताण कितीतरी जास्त पडेल. ‘जरा तेल सोड, मग घट्ट बसेल’ हा गॅरेजमधला सल्ला इथे महागात पडतो.

लॉकवायर बोल्ट घट्ट करत नाही, हे नवशिक्याला पटवावे लागते. सैल होऊ पाहणाऱ्या बोल्टाला ती अडवते, एवढेच तिचे काम. त्यामुळे तिची ओढ नेहमी घट्ट होण्याच्या दिशेने हवी. ती उलट ओवली तर नसल्यातच जमा. सर्रास वापरली जाणारी तार 0.032 इंच, म्हणजे सुमारे 0.8 मिलिमीटर जाडीची असते आणि तिला इंचाला सहा ते आठ पीळ बसतात. जास्त पीळ दिला की तार कडक होऊन तुटते. एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही. भोके जुळत नसतील तर बोल्ट थोडा सैल करायचा मोह होतो. तसे न करता वॉशर किंवा बोल्ट बदलावा.

फिरणाऱ्या सांध्यांवर खाचांचा नट आणि त्यातून घातलेली स्प्लिट पिन लागते. नायलॉनचे कडे असलेला नट सोयीचा खरा, पण 250 अंश फॅरनहाइटच्या (सुमारे 120 सेल्सिअस) वर तो चालत नाही. म्हणून इंजिनाच्या तापट भागात पूर्ण धातूचे लॉकनट लावतात. असली कडी जुनी होऊन पकड सोडतात, हे 16 सप्टेंबर 2011 रोजी अमेरिकेतील रेनोच्या हवाई शर्यतीत दिसले. ‘गॅलपिंग घोस्ट’ या बदल केलेल्या मस्टँग विमानाच्या शेपटीवरील ट्रिम टॅबचे स्क्रू सैल झाले होते, कारण लॉकनटांची कडी जीर्ण झाली होती. वैमानिकासह 11 जण मेले.

पण मला जास्त अस्वस्थ करते ती 10 जून 1990 ची घटना. ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना घट्ट धरून ठेवले म्हणून ते वाचले. काच बसवणाऱ्याने रात्रपाळीत जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून नवे बोल्ट निवडले होते. 90 पैकी 84 बोल्टांचा व्यास 0.026 इंचाने कमी निघाला. माणूस अनुभवी होता. त्याचे काम दुसऱ्या कुणी तपासले नाही, कारण नियमांत तशी सक्तीच नव्हती. एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडते, तर गच्चीवर एकटा विमान बांधणाऱ्याचे काय?

गच्ची हा शब्द मी सहज वापरलेला नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. 2016 च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. 2017 मध्ये ‘व्हीटी-एनएमडी’ ही नोंदणी मिळाली, 2019 मध्ये उड्डाणाचा परवाना आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी उड्डाण. लोकांना यात सरकारी फायलींशी झालेली झुंज आठवते, आणि ती होतीच. माझे कुतूहल मात्र वेगळे आहे. गच्चीवरचे विमान खाली आणायचे म्हणजे ते सुटे करावे लागते आणि परत जोडावे लागते. अशा प्रत्येक जोडणीत तार नवी, स्प्लिट पिन नवी, टॉर्क नव्याने.

अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये स्थापन केलेल्या ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’चे स्वयंसेवक सल्लागार घरी विमान बांधणाऱ्याकडे येऊन त्याचे काम पाहून जातात. आपल्याकडे परवान्याची कटकट सोडवायला वकील सापडतो, पण तार उलटी ओवली आहे हे सांगणारा शेजारी सापडत नाही.

हैदराबादेत मात्र असे शेजारी होऊ शकतील अशी माणसे आहेत. शमशाबादजवळ साफ्रान कंपनीच्या लीप इंजिनांच्या दुरुस्ती केंद्राचे उद्घाटन नोव्हेंबर 2025 मध्ये झाले. 1973 मध्ये स्थापन झालेली ‘मिधानी’ ही कंपनी, जिथे विमानांना लागणारे खास मिश्रधातू घडतात, तीही याच शहरात आहे. इथल्या संस्थांतून विमानदेखभाल शिकलेली मुलेही बाहेर पडतात. या मंडळींनी महिन्यातला एक रविवार हौशी बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये घालवावा आणि आरसा-टॉर्च घेऊन प्रत्येक बोल्ट पाहावा. आणि बांधणाऱ्याने, कितीही स्वाभिमानी असला तरी, पहिल्या उड्डाणाआधी त्यांना चहाला बोलवावे.