घरच्या लेथसाठी कार्बाइड इन्सर्ट घेताना

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे लूमच्या शेडला लागून जुना लेथ ठेवणारे कारखानदार बरेच आहेत. शाफ्ट घासला, बुश सैल झाला तर बाहेर दोन दिवस खोळंबण्यापेक्षा घरीच काम उरकते. लूम उभा राहिला की मजुरी बुडते आणि व्यापाऱ्याचा मालही अडकतो. म्हणून आम्हा कापडवाल्यांनाही या हत्यारांची थोडी माहिती ठेवावी लागते.

कारागीर कार्बाइडला ‘विडिया’ म्हणतात. हे मूळ जर्मनीच्या क्रुप कंपनीच्या मालाचे नाव, १९२६ सालचे, अर्थ ‘हिऱ्यासारखा’. विडियाची टिप ब्रेझ करून ग्राइंडरवर धार लावण्याची पद्धत अजून आहे. इन्सर्टला ती दगदग नाही. धार गेली की स्क्रू काढून कोपरा फिरवायचा.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा आपल्या गावच्या दुकानात गेलात तर दुकानदार हिशेब मांडतो: टी.एन.एम.जी. इन्सर्टला वर-खाली मिळून ६ कोपरे, सी.सी.एम.टी.ला एका होल्डरमध्ये २. मग किफायत कशात? हिशेब बरोबर आहे, पण त्यात तुमचा लेथ धरलेला नाही. ६ कोपऱ्यांच्या इन्सर्टच्या बाजू सरळ उभ्या असतात, म्हणून तो होल्डरमध्ये पुढे झुकवून बसवावा लागतो. तो लोखंड कापतो कमी आणि रेटतो जास्त. मोठ्या, वजनदार मशीनला ते सोसते. एक हॉर्सपॉवरच्या पट्ट्याच्या लेथवर जॉब थरथरतो, लाटा उठतात आणि कोपरा तुटतो. सहाही कोपरे असेच गेले तर किफायत कुठे राहिली?

कापडाचे ठाण घेताना आपण रीड-पिक विचारतो, तसा इथे नंबर वाचावा. सी.सी.एम.टी. ०६०२०४ मध्ये पहिला सी म्हणजे ८० अंशांचा कोपरा, दुसरा सी म्हणजे बाजूला ७ अंशांची सूट. लहान लेथला हीच सूट हवी. ०६ ही कडेची लांबी, ०२ ही जाडी आणि शेवटचे ०४ म्हणजे टोकाची गोलाई ०.४ मि.मी. लहान लेथवर ०४ बरा. ०८ घेतला की थरथर वाढते.

डबीवरचे रंगही पाहावेत: निळा पोलादासाठी, पिवळा स्टेनलेससाठी, लाल बिडासाठी. क्रँक शाफ्टला निळा, बिडाच्या गिअरला लाल. इन्सर्टचा सोनेरी मुलामा हा दर्जाचा पुरावा नव्हे. लहान लेथला पातळ, म्हणजे पी.व्ही.डी. मुलाम्याचा मागावा, त्याची धार जास्त तीक्ष्ण राहते.

वेगाचा हिशेबही करावा. पोलादावर कार्बाइडला मिनिटाला १०० मीटर तरी वेग द्यावा. २५ मि.मी. शाफ्टवर त्याचे सुमारे १,२७० फेरे होतात. तुमचा लेथ ४०० वरच थांबत असेल तर त्या कामाला एच.एस.एस. टूल चांगले, आणि ते घरच्या ग्राइंडरवर घासताही येते. चावीच्या खाचेवरून कट जाणार असेल तरी एच.एस.एस.च लावावे, कारण ठोक्याने कार्बाइडचा टवका उडतो.

नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली मालही विकला जातो. डबी सीलबंद असावी, छपाई स्वच्छ असावी, इन्सर्टवरचे ग्रेडचे नाव डबीशी जुळावे, आणि बिल घ्यावेच. दहाची डबी घेण्याआधी दोन-चार नग मागून आपल्याच लेथवर चालवून पाहावेत.

होल्डरमध्ये मात्र काटकसर नको. इन्सर्ट खाचेत ठेवून बोटाने दाबावा. जरा जरी हलला तर होल्डर परत करावा, कारण तिथे उत्तम इन्सर्टही तुटेल. स्क्रू आवळताना इन्सर्ट मागच्या कोपऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. जादा स्क्रू आणि त्याची चावी त्याच वेळी घ्यावी, नंतर त्याच मापाचा स्क्रू शोधताना वेळ जातो.

संपलेले इन्सर्ट फेकू नयेत. त्यात टंगस्टन असते. भंगारवाला लोखंडापेक्षा बऱ्याच वरच्या भावाने किलोवर घेतो. फक्त लोखंडाच्या बरात मिसळू न देता ते वेगळ्या डब्यात साठवावेत.