सतरावा मिकी, अठरावा मिकी आणि खरा क्लोन

मिकी बार्न्सची नोकरी म्हणजे मरणं. परक्या ग्रहावरचा विषाणू असो की किरणोत्सर्ग, आधी मिकीला पुढे करायचं. तो गेला की यंत्रातून नवा देह ऑफिसातल्या प्रिंटरमधल्या कागदासारखा अडखळत बाहेर येतो, त्यात जुन्या आठवणी भरल्या की गडी पुन्हा कामावर हजर! सतरावा मेला असं समजून अठरावा छापला जातो, सतरावा जिवंत परततो, आणि बाँग जून-हो यांच्या ‘मिकी १७’ (२०२५) या सिनेमाला खरा रंग चढतो. असे सिनेमे पाहून क्लोनविषयी काही समज मात्र घट्ट बसतात.

गैरसमज : क्लोन आठवणींसकट तयार मिळतो.
क्लोनला जन्म घ्यावा लागतो. डॉली मेंढी ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत जन्मली, तीही कोकरू म्हणूनच. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली, दुसरीच्या केंद्रक काढलेल्या बीजांडाशी तिचा संयोग केला आणि तयार झालेला भ्रूण तिसरीच्या गर्भाशयात वाढवला. अशा २७७ जोड्यांतून जन्मलं ते एकच कोकरू. मूळ मेंढीच्या आठवणी तिच्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. आठवणी मेंदूतल्या जोडण्यांत साठतात, डीएनएत नाही. त्या हिशेबानं मिकी क्लोन नव्हेच, तो ‘बॅकअप’वरून काढलेली प्रत आहे.

गैरसमज : दिसायला अगदी हुबेहूब.
टेक्सासमध्ये २००१ साली ‘सीसी’ ही पहिली क्लोन मांजर जन्मली. मूळ मांजर ‘रेनबो’ तिरंगी होती. सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकाही नव्हता. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडतं; सीसी ज्या पेशीपासून झाली तिच्यात नेमकं नारिंगीचंच बंद होतं.

गैरसमज : प्रतीची प्रत म्हणजे बिघडलेला माल.
हा विनोद ‘मल्टिप्लिसिटी’ या सिनेमाचा, जो डॉली जन्मली त्याच जुलैत प्रदर्शित झाला. क्लोनचा क्लोन बावळट निघतो म्हणून हसू येतं, हसावंही. पण जपानमध्ये वाकायामा यांच्या चमूनं क्लोनपासून क्लोन असे उंदीर २५ पिढ्यांपर्यंत केले (२०१३), आणि ते नेहमीएवढं जगले.

गैरसमज : दोघांतला एक खरा, दुसरा तोतया.
एकाच बीजातून झालेली जुळी भावंडं निसर्गाचे क्लोनच, पण त्यांच्यात अस्सल कोण हे कुणी विचारत नाही. पेच येतो तो आठवणींची नक्कल झाली की. तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ साली असाच प्रश्न मांडला होता : प्रत तयार झाली आणि मूळही शिल्लक राहिलं, तर ‘मी’ कोणता? त्यांच्या मते, ‘मी’ टिकतो की नाही यापेक्षा मनाचा धागा पुढे चालू राहतो का, हे महत्त्वाचं. मिकीचा धागा दोन्हीकडे चालू राहतो, म्हणून माझ्या मते दोघांचाही दावा सारखाच. छापून निघाल्याच्या क्षणापासून मात्र वाटा वेगळ्या : सतरावा मवाळ, अठरावा तापट. गंभीर ग्रंथ इथे अडखळतात. हलकीफुलकी कथा थेट पोटापाण्यावर येते. एडवर्ड ॲश्टन यांच्या ‘मिकी७’ या मूळ कादंबरीत दोघांना एकाच माणसाचा शिधा वाटून खावा लागतो.

आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २०२३ साली गीर गायीचा क्लोन ‘गंगा’ जन्मली. माणसाचा क्लोन जन्मल्याचा पुरावा मात्र आजवर कुठेही नाही.