रहाटपाळणा : छोट्या लाकडी पाळण्यात पोटात मोठा गोळा का यायचा?

म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघाला की माण-खटाव पट्ट्यात यात्रांची रांगच लागते. मग पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालला खंडोबा, औंधला यमाई आणि चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पाळणे आले का? आता पाळणे ट्रकमधून येतात. जनरेटर, रंगीत लाईटच्या माळा, कर्ण्यावर गाणी आणि पन्नास-शंभर रुपयांचं तिकीट. पण साठी ओलांडलेल्या माणसाला विचारा. तो सांगणार, आमच्या लाकडी पाळण्यात जो गोळा यायचा तो या जायंट व्हीलमध्ये नाही.

पोरं हसतात. म्हाताऱ्यांना जुनं ते सोनंच वाटणार, असं त्यांना वाटतं. पण या बाबतीत म्हातारी माणसं बरोबर आहेत आणि त्याला साधं गणित आहे.

आधी नावाकडे बघा. रहाटपाळणा हे नाव विहिरीवरच्या रहाटावरून पडलं. रहाटगाडग्याच्या चाकावर गाडग्यांची माळ असते. गाडगी खाली पाण्यात बुडतात, भरून वर येतात, पन्हाळीत रिकामी होतात आणि परत खाली जातात. पाळण्यात पाण्याच्या जागी माणसं. फरक एवढाच की गाडगं वर गेलं की कलंडतं आणि पाळण्याचा डबा कलंडत नाही, कारण तो वरच्या दांड्याला नुसता टांगलेला असतो. चाक कसंही फिरलं तरी माणसाच्या वजनाने डब्याचं बूड खालीच राहतं.

जुना पाळणा म्हणजे जमिनीत रोवलेले दोन दणकट खांब, त्यावर आडवा आस, आसाला फुलीसारखे जोडलेले लाकडी दांडे आणि टोकांना चार डबे. एवढंच. मोटार नाही, इंजिन नाही. पाळणेवाला खाली उभा राहून येणारा डबा हाताने खाली ओढायचा की दुसरा आलाच. गती आली की त्याला नुसतं बोट लावल्यासारखं करावं लागायचं. चाराण्यात किती फेरे द्यायचे ते त्याच्या मर्जीवर. ओळखीचा असला तर दोन जास्त.

एक माणूस आठ-दहा जणांना कसा फिरवायचा? खरी करामत तोलात होती. पाळणेवाला माणसं बसवताना नजरेने वजन करायचा. एका डब्यात दोन बाया बसल्या की समोरच्या डब्यात तेवढ्याच वजनाची माणसं. जाड माणूस एकटा आला तर त्याच्या समोर दोन-तीन पोरं. "थांब रे, तू हिकडं नाय, तिकडं बस," असं तो का ओरडतो ते बसणाऱ्याला कळत नसे. समोरासमोरची वजनं सारखी झाली की वर जाणारं ओझं आणि खाली येणारं ओझं एकमेकाला फिटतं. मग जोर लागतो तो फक्त चाक पहिल्यांदा हलवायला आणि आसाच्या घासणीला. बैलगाडी भरताना ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, तसंच हे. आसाला वंगण कमी पडलं की सगळ्या जत्रेत कुरकुर ऐकू यायची, मग पाळणेवाला फेरा थांबवून तेल सोडायचा.

आजच्या मोठ्या पाळण्यातही हेच चालतं. माणसं भरताना चाक थोडं थोडं फिरवून एकदा इकडचा, एकदा तिकडचा डबा भरतात. लोकांना वाटतं उगाच वेळ काढतात. तसं नाही. एका अंगाला सगळी माणसं बसवली तर मोटारीवर आणि ब्रेकवर भलता ताण येतो.

आता गोळ्याचं बघू. डबा शेंड्यावरून पुढे येऊन खाली यायला लागतो तेव्हा आपल्या बुडाखालची फळीही आपल्याबरोबर खाली पळत असते. त्यामुळे ती आपल्याला पूर्ण तोलून धरत नाही. अंग हलकं वाटतं, पोटातली आतडी, जठर हेही क्षणभर सैल पडतं. त्यालाच आपण गोळा आला म्हणतो. डबा तळाला येतो तेव्हा उलटं होतं, फळी आपल्याला वर रेटते आणि अंग जड वाटतं.

हे किती जाणवणार ते दोन गोष्टींवर ठरतं. चाक किती मोठं आणि एक फेरा किती सेकंदात. त्यात फेऱ्याच्या वेळेचा हिसका फार मोठा असतो. वेळ निम्मा केला तर परिणाम दुप्पट नाही, चौपट होतो.

समजा हाताचा पाळणा आहे, आसापासून डब्यापर्यंत साडेसहा फूट, आणि पाळणेवाल्याने रंगात येऊन ४ सेकंदांत एक फेरा दिला. ६० किलोच्या माणसाला शेंड्यावर आपण ३० किलोचे झालो असं वाटेल आणि तळाला ९० किलोचे. आता मोठा पाळणा घ्या. आसापासून डब्यापर्यंत ४० फूट आणि २० सेकंदांत एक फेरा. तोच माणूस वर साधारण ५३ किलोचा आणि खाली ६७ किलोचा. म्हणजे उंची सहा पट, पण गोळा पावपटच. मोठ्या पाळण्यात जे वाटतं ती उंचीची भीती असते. खाली माणसं मुंगीएवढी, वारा, हलणारा डबा. पोटातला खड्डा तो लाकडी पाळण्याचाच.

लहान पोरांची चक्रीही अशीच. छत्रीसारख्या सांगाड्याला साखळीने टांगलेले लाकडी घोडे, हत्ती आणि ढकलणारा माणूस त्यांच्याबरोबर गोल पळायचा. वेग वाढला की घोडे बाहेर फेकल्यासारखे तिरके व्हायचे. गंमत अशी की किती तिरकं व्हायचं ते पोराच्या वजनावर नसतं, वेगावर असतं. सारख्याच साखळीला किरकोळ पोरगं आणि गुटगुटीत पोरगं सारखेच तिरके जातात. उतरल्यावर जग फिरतं त्याचं कारण कानाच्या आत आहे. तिथल्या बारीक नळ्यांतलं पाणी शरीराबरोबर फिरायला लागतं आणि शरीर थांबलं तरी ते लगेच थांबत नाही. मेंदूला वाटतं अजून फिरतोयच. अशा वेळी एका जागी बसून समोरच्या खांबाकडे बघत राहावं. भेळ आधी खायची की नंतर हे ज्याचं त्याने ठरवावं.

मोठ्या चाकाचं कौतुक अमेरिकेतून पसरलं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरीस या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावायची. वाफेच्या इंजिनावर ते फिरायचं. पण माणसांनी हाताने फिरवलेले पाळणे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. सतराव्या शतकात तुर्कांच्या मुलखात फिरलेल्या युरोपच्या प्रवाशांनी सणाला असे पाळणे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. डबा मोठ्या चकतीबरोबरही फिरतो आणि स्वतःभोवतीही, ही युक्ती १९२६ च्या सुमारास मिनेसोटातल्या हर्बर्ट सेलनर यांच्या पाळण्याने गाजवली. आपल्याकडचा ब्रेकडान्स त्याच जातीचा. पुढचा हिसका कुठल्या बाजूला बसणार हे बसणाऱ्याला कळतच नाही, म्हणून पोरं किंचाळतात.

लाकडी पाळण्यात धोका नव्हता असं कोणी म्हणू नये. दोरी तुटायची, खांब हलायचा, हात सुटायचा. पण त्याची उंची दोन माणसांएवढी आणि सगळं डोळ्यासमोर उघडं. खांब किती पुरलाय हे गावातल्या सुताराला लांबून दिसायचं. आजचा पाळणा शेकडो नट-बोल्टवर उभा असतो. एका गावात खोलायचा, रातोरात दुसऱ्या गावात जोडायचा. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाजवळ लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोन जणांचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या जत्रेत उंचावरून खाली येणारा पाळणा थेट जमिनीवर आदळला, त्यात अनेक जण जखमी झाले.

म्हणून तिकीट काढण्याआधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. पाय कशावर टेकवलेत? काळ्या रानात अवकाळीचा एक सडाका झाला तरी लाकडी ठोकळा एका बाजूने खचतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. चाक फिरताना सांगाडा डुलतोय का? डब्याचा आडवा दांडा खिळीने अडकवलाय की सुतळीने बांधलाय? खिळीच्या जागी तार दिसली तर सरळ मागं फिरावं. मोकळे केस, ओढणी, पदर आवरूनच बसावं, कारण फिरत्या आसात केस अडकले तर मोटार काही आपोआप थांबत नाही. आणि जनरेटर बंद पडून डबा वर अडकला तर उतरायची घाई करू नये. तोल नीट असेल तर चाक हाताने फिरवून एकेक डबा खाली आणता येतो, पुन्हा तोच जुना पाळणेवाल्याचा हिशेब.

पाळण्यांना परवानगी देताना यंत्राच्या आणि वीजजोडणीच्या तपासणीचे दाखले मागितले जातात. ते दाखले यात्रा कमिटीकडे मागून बघायला कोणाची हरकत नसावी. जागेचं भाडं किती मिळालं याची चर्चा चावडीवर होतेच, त्यात दाखल्याचाही विषय निघू द्यावा. यात पाळणेवाल्यांशी वैर धरायचं कारण नाही. यात्रेच्या चार-सहा महिन्यांवर त्यांचं वर्षाचं पोट असतं. कोरोनात यात्रा बंद राहिल्या तेव्हा त्यांचे सांगाडे गंजत पडले. तपासलेल्या पाळण्याला गर्दी जास्त होते हे कळलं तर ते स्वतःच दाखला दर्शनी टांगतील.

हाताचा पाळणा अजून पूर्ण संपलेला नाही. चैत्रात लहान गावच्या यात्रेला एखादा टेम्पो येतो. लाकडाऐवजी लोखंडी पाईप, चार डबे, बारक्या पोरांपुरता. साठीची माणसं कडेला उभी राहून बघतात आणि नातवाला बसवायच्या निमित्ताने दांडा हलवून पाहतात.