एका पॉइंटनं हुकलेली काउंटी

डब्लिनच्या ऑफिसमध्ये पहिल्याच आठवड्यात शेजारच्या डेस्कवरच्या मित्रानं मला विचारलं, "तुझी काउंटी कुठली?" मी म्हटलं, जन्म साताऱ्यात, शाळा ठाण्यात, नोकरी पुण्यात. तो दोन मिनिटं विचार करून म्हणाला, "म्हणजे मॅच असली की तू ओरडतोस कुणासाठी?"

बॉस, याला उत्तर काय देणार? आयपीएलमध्ये मी चार वर्षांत तीन टीम बदलल्या होत्या. जिकडे धोनी तिकडे आम्ही!

त्याची काउंटी मेयो. सँडविचमधलं मेयो नव्हे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, अटलांटिकचा वारा खाणारा, पावसानं कायम भिजलेला जिल्हा. टीमचे रंग हिरवा आणि लाल. खेळ गेलिक फुटबॉल. फुटबॉल, बास्केटबॉल आणि रग्बी मिक्सरमधून काढले तर जे होईल ते. प्रत्येकी पंधरा खेळाडू. बॉल हातात घेऊन पळायचं, पण चार पावलांनंतर तो टप्पा देऊन किंवा स्वतःच्याच पायाच्या बोटांवर आपटून पुन्हा हातात घ्यायचा. इंग्रजी 'एच'च्या आकाराचे गोलपोस्ट. आडव्या दांडीवरून मारला तर तेव्हा एक पॉइंट मिळायचा, खालून जाळ्यात घातला तर गोल, म्हणजे तीन.

आता खरी गंमत. क्रोक पार्क हे डब्लिनचं स्टेडियम ८२ हजार प्रेक्षकांचं. फायनलला ते खचाखच भरतं. आणि मैदानावरच्या एकालाही खेळण्याचा पगार मिळत नाही! कुणी मास्तर, कुणी पोलीस, कुणी बँकेत. सोमवारी सगळे कामावर हजर. ऑक्शन नाही, ट्रान्स्फर मार्केट नाही. तुमच्या गावाचा क्लब ज्या काउंटीत, तिच्यासाठीच तुम्ही खेळणार, आणि ती हरत असली तरी दुसरी शोधायची नाही. बॅलाहादरीन नावाचं एक गाव १८९८ साली सरकारनं मेयोतून काढून शेजारच्या रॉसकॉमन काउंटीत टाकलं, पण तिथला क्लब अजून मेयोकडूनच खेळतो. २०१७ चा फुटबॉलर ऑफ द इयर अँडी मोरन याच क्लबचा. सीमाप्रश्नावर वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको!

या खेळाची संघटना १८८४ साली स्थापन झाली, इंग्रजांचे खेळ नकोत, आपले खेळू या म्हणून. तिच्या पहिल्या आश्रयदात्यांत मेयोचा मायकेल डेव्हिट होता, शेतकऱ्यांच्या जमीन चळवळीचा नेता. १८८० मध्ये याच मेयोत कॅप्टन बॉयकॉट नावाच्या इस्टेट मॅनेजरवर गावानं असा बहिष्कार घातला की इंग्रजीला नवा शब्द मिळाला. तोच शब्द पुढे लोकमान्यांच्या चतुःसूत्रीपर्यंत पोचला. असो.

मेयोनं ऑल आयर्लंड, म्हणजे या खेळातला सगळ्यात मोठा किताब, १९३६ मध्ये जिंकला. मग १९५० आणि लागोपाठ १९५१, दोन्ही वेळा कॅप्टन शॉन फ्लॅनगन. त्यानंतर?

त्यानंतर काही नाही.

गोष्ट अशी सांगतात. १९५१ चा कप घेऊन टीम परत येत होती. वाटेत फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती. जल्लोषात पोरं थांबली नाहीत. पाद्री भडकला आणि म्हणाला, या टीममधला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो पुन्हा जिंकणार नाही! त्या टीमचे पॅडी प्रेंडरगास्ट स्वतः यावर विश्वास ठेवत नसत. मीही ठेवत नाही. मला तर त्या टीमच्याच पॅड्रिग कार्नीची कथा जास्त खरं सांगते असं वाटतं. कार्नी डॉक्टर. १९५४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि लीगच्या मॅचसाठी त्यांना न्यूयॉर्कहून विमानानं बोलवावं लागलं. लोक त्यांना 'फ्लाइंग डॉक्टर' म्हणायला लागले. १८४१ साली मेयोची लोकसंख्या ३ लाख ८८ हजार होती. मग बटाट्याचा दुष्काळ, मग बोटी, मग विमानं. आज ती १ लाख ३८ हजारांच्या आसपास आहे. टीम बनवायची कुणातून? निम्मी पोरं बोस्टन आणि लंडनमध्ये!

पण शापाची गोष्ट टिकली, कारण मेयो हरायची ती भलत्याच पद्धतीनं. १९९६ ला मीथविरुद्धची फायनल जवळजवळ खिशात होती. शेवटी कुणीतरी लांबून उडवलेला बॉल सगळ्यांसमोर टप्पा पडून दांडीवरून गेला आणि मॅच ड्रॉ. रीप्लेमध्ये एका पॉइंटनं हार. २०१३, डब्लिनकडून एका पॉइंटनं. २०१६, पुन्हा ड्रॉ, त्यात डब्लिनचे दोन्ही गोल मेयोवाल्यांनीच स्वतःच्या जाळ्यात घातलेले! रीप्ले? एका पॉइंटनं. १९८९ पासून २०२१ पर्यंत अकरा फायनल, अकरा पराभव. मधल्या काळात मेयोच्या मुलींनी १९९९ ते २००३ मध्ये चार वेळा ऑल आयर्लंड जिंकलं. शाप बहुतेक फक्त पोरांना लागू होता.

१७ सप्टेंबर २०१७. मेयो विरुद्ध डब्लिन. मित्राला क्लबमार्फत एक तिकीट मिळालं होतं. ते त्यानं वडिलांना दिलं. काकांचा जन्म १९५२ चा, म्हणजे कप येऊन गेल्यानंतरचा. काकांनी तिकीट परत केलं. का? "मी स्टेडियममध्ये गेलो की आपण हरतो." मला हसू नाही आलं. सचिन बॅटिंग करताना आमच्या घरात माझ्या आजोबांना बाथरूमला जायची परवानगी नव्हती.

मग मित्र मैदानावर आणि काका माझ्याबरोबर पबमध्ये. हिरवा-लाल मफलर, समोर चहा. पिऊन मॅच बघायची नाही, हाही नियम. दुसऱ्याच मिनिटाला डब्लिनचा गोल. काका गप्प. दुसऱ्या हाफमध्ये मेयोच्या ली कीगननं गोल मारला तेव्हा मी खुर्चीवर उभा होतो. मी! ज्याला ऑफसाइडही धड कळत नाही! सत्तर मिनिटं झाली, स्कोअर बरोबरीत. मेयोच्या किलियन ओकॉनरची फ्री किक. सरळ जाऊन खांबावर आदळली. ठक्क! तो आवाज आम्हाला टीव्हीवर ऐकू आला की नुसता वाटला, सांगता येत नाही. मग डब्लिनच्या डीन रॉकची फ्री किक. तो धावत आला तेव्हा कीगननं चक्क स्वतःच्या पाठीवरचा जीपीएस काढून बॉलच्या दिशेनं भिरकावला. तरी पॉइंट झालाच. १-१७ विरुद्ध १-१६.

काकांनी मफलर काढला, नीट घडी करून खिशात ठेवला. मी काहीतरी बोलावं म्हणून बोललो, "पण काका, तुम्ही तर गेला नव्हता." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "खरंच की," ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी नव्हतोच." आणि साठी उलटलेला तो माणूस हसता हसता रडायला लागला. निघताना मफलर माझ्या गळ्यात घालून गेले.

२०१९ मध्ये मी पुण्याला परतलो. २०२० ची फायनल कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. पहिल्या तेरा सेकंदांत डब्लिनचा गोल, पुढचं सांगत नाही. २०२१ ला मेयोनं सेमीफायनलमध्ये डब्लिनची सलग सहा विजेतेपदांची घोडदौड थांबवली आणि फायनल टायरोनकडून हरली. दोनच आठवड्यांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये पॅडी प्रेंडरगास्ट गेले. १९५१ च्या टीममधले शेवटचे. मित्राचा मेसेज आला, "शाप संपला. आता कारण सांगायला काहीच उरलं नाही. टेन्शन!"

२०२२ ते २०२५ मेयो फायनललाही पोचली नाही. काकांनी मात्र मुलाला बजावून ठेवलंय, पुढच्या फायनलचं पहिलं तिकीट त्यांचं.

तो मफलर माझ्याकडे आहे. डिसेंबरच्या थंडीत सकाळी टेकडीवर घालून जातो. परवा एकानं विचारलं, "पोर्तुगाल का रे?" म्हटलं, नाही, मेयो. आणि मग त्याला अख्खी टेकडी उतरेपर्यंत सोडला नाही.